पडद्यांच्या गावात मॉनिटरची खरेदी

मित्रांनो, कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा, करकर वाजणाऱ्या चपला आणि खासबागेतल्या कुस्त्या! बरोबर आहे. पण आज मी तुम्हाला जरा निराळ्या कोल्हापुरात नेणार आहे. ते आहे पडद्यांचं कोल्हापूर. या गावात तीन तऱ्हेचे पडदे बघायला मिळतात. पहिला रंगाचा, दुसरा उजेडाचा आणि तिसरा ठिपक्यांचा. पहिले दोन इतिहासातले, आणि तिसरा सध्या घरोघरी भांडण लावणारा. आई-बाबा म्हणतात, "स्वस्तातला घे." मुलं म्हणतात, "गेमिंगचा भारीतलाच पाहिजे." हे भांडण कसं सोडवायचं, ते आपण चालता चालता बघू. पायात चपला सरकवा आणि चला!

रंगाचा पडदा

मिरजकर तिकटीपासून निघालं की जवळच खासबाग मैदान लागतं. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. तिथं रोममधलं जुनं प्रेक्षागार त्यांनी पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी तसंच गोल मैदान बांधायचं मनात घेतलं. १९१२ साली हे मैदान तयार झालं. मधे आखाडा खोलगट आणि भोवती चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसणारच. बघणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार आधी आणि बांधकाम नंतर! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगाला येणार आहे.

खासबागेला लागूनच नाटकाचं थिएटर आहे. महाराजांनीच ते बांधलं. १९१५ साली उघडलं तेव्हा त्याचं नाव 'पॅलेस थिएटर' होतं. पुढं संगीत नाटकातले थोर नट केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला मोठी आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सारं कोल्हापूर त्या रात्री हळहळलं. नंतर ते पुन्हा उभारायचं काम हाती घेण्यात आलं.

त्या जुन्या काळी नाटकात राजवाडा, जंगल, नदीकाठ हे सगळं मोठाल्या पडद्यांवर रंगवलेलं असायचं. असे पडदे रंगवण्यात कोल्हापूरच्या दोन भावांचा हातखंडा होता. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री ही ती जोडी. दोघं नात्याने भाऊ, पण कामात सख्ख्यांहून सख्खे. सुंदर पडदे रंगवतात म्हणून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

उजेडाचा पडदा

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. पण सिनेमा काढायला कॅमेरा हवा. तो यायचा परदेशातून, आणि थोड्याच दिवसांत तिकडं पहिलं महायुद्ध पेटलं. मग त्यांनी काय केलं? मुंबईच्या जुन्या बाजारातून सिनेमा दाखवायचं एक यंत्र विकत घेतलं. ते चालवून लोकांना सिनेमे दाखवले आणि दाखवता दाखवता यंत्राचं पोट कसं चालतं ते शिकून घेतलं. आनंदरावांनी स्वतःचा कॅमेरा जुळवायला घेतला, पण १९१६ साली ते गेले. बाबूराव खचले नाहीत. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला! कोल्हापुरात, आपल्या हातांनी, स्वदेशी कॅमेरा! त्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढं आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. खरी कॉर्नरला गेलात तर या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ दिसेल. तिथं दोन मिनिटं थांबा.

बाबूरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी तयार झाली. १ जून १९२९ ला त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. आज सिनेमाची कितीतरी थिएटरं बंद पडली, तरी लोक रिक्षावाल्याला अजून 'उमा टॉकीज', 'पद्मा टॉकीज' असाच पत्ता सांगतात.

आता एक प्रश्न विचारतो. सिनेमात माणसं हलतात, पळतात, उड्या मारतात. खरंच हलतात का? नाही! पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रं येतात आणि आपले डोळे ती जोडून घेतात. मुक्या सिनेमाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं निघत. बोलपट आले तेव्हा सेकंदाला २४ चित्रं असा नेम ठरला.

पण गंमत पुढंच आहे. सेकंदाला २४ वेळा उजेड पाडला तर पडदा लुकलुकतो, डोळ्यांना त्रास होतो. म्हणून सिनेमाच्या यंत्रात एक फिरती झडप बसवलेली असे. ती प्रत्येक चित्र दोनदा दाखवायची. चित्रं २४, पण उजेडाचे झपके ४८! म्हणजे चित्रं किती आली हा एक आकडा, आणि पडदा किती वेळा उजळला हा दुसरा आकडा. हे दोन आकडे वेगळे असतात, बरं का. ज्याला एवढं कळलं, त्याला मॉनिटरच्या दुकानात कुणी फसवू शकत नाही.

ठिपक्यांचा पडदा

बिंदू चौकातून आझाद चौक, उमा टॉकीज, बागल चौक असं करत गेलं की राजारामपुरी लागते. इथल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे. या भागात कपड्यांपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं मिळतं.

माझा एक जुना विद्यार्थी आता आठवीत आहे. त्याच्या घरी जुना कॉम्प्युटर होता आणि त्याचा मॉनिटर बंद पडला होता. नवीन कुठला घ्यावा यावरून घरात दोन तट पडले. त्याचे वडील शेतकरी, दारात म्हशी, दुधाच्या बिलावर घर चालतं. थोरली बहीण चित्रकला शिकते. वडील मला म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय छप्पन हजाराचा मॉनिटर पायजे. म्हशीएवढी किंमत झाली की हो ती! तुमीच चला संगं." मी म्हटलं, "येतो. पण आधी तुमच्या मुलाला आठ दिवसांचा गृहपाठ देतो."

गृहपाठ असा होता. एका वहीत लिहायचं : कॉम्प्युटर घरात कोण कोण वापरतं? कशासाठी? खुर्चीपासून मॉनिटर किती लांब आहे? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपला कॉम्प्युटर आवडत्या खेळात सेकंदाला किती चित्रं तयार करतो? पुष्कळ खेळांमध्ये हा आकडा कोपऱ्यात दिसेल अशी सोय असते. त्याला 'एफपीएस' म्हणतात. मुलाने आठ दिवस नेमाने लिहिलं. चित्रं निघाली सेकंदाला सत्तर ते ऐंशी.

रविवारी आम्ही चौघं दुकानात गेलो. दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावलेले होते. एक २४ इंची, अकरा हजारांचा. दुसरा २७ इंची, छप्पन हजारांचा. दुसऱ्याच्या पडद्यावर काळ्या रात्री दिवाळीचे आकाशकंदील चमकत होते. मुलाचे डोळे तिथंच खिळले.

"पप्पा, बघा की! फरक दिसतोय का न्हाई?"

वडील काही बोलले नाहीत. मी मुलाला म्हटलं, "बाळा, आधी डब्यावरचं वाचू. मग बघू."

डब्यावरचे आकडे

पहिला आकडा इंचांचा. हे माप पडद्याच्या कर्णाचं असतं, रुंदीचं नव्हे. आणि इथं गणित करा. २७ ला २४ ने भागलं तर १.१२५ येतात. त्याचा वर्ग केला की साधारण १.२७. म्हणजे तीनच इंच वाढले तरी पडदा सव्वा पटीहून मोठा झाला! छोट्या टेबलावर, डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर बसून खेळणाऱ्याला २४ इंची पुरतो. २७ इंचीला टेबल खोल हवं, नाहीतर मान इकडून तिकडं फिरवावी लागते. खासबागेची आठवण ठेवा. बघणारा कुठं बसणार, ते आधी बघायचं.

दुसरा आकडा ठिपक्यांचा. त्यांना पिक्सेल म्हणतात. स्वस्त मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. महाग मॉनिटरवर आडवे २५६० आणि उभे १४४०, म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४००. पावणेदोन पट. ज्याला 'फोर के' म्हणतात त्यात तर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. ठिपके जास्त तेवढं चित्र बारीक आणि सुबक. पण हे ठिपके रंगवणार कोण? मॉनिटर नव्हे. तुमच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड! ठिपके वाढले की त्याचं काम वाढतं आणि सेकंदाला निघणारी चित्रं कमी होतात.

तिसरा आकडा हर्ट्झचा. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, तो हा आकडा. यालाच 'रिफ्रेश रेट' म्हणतात. साध्या ऑफिसच्या मॉनिटरवर ६०, आमच्यासमोरच्या स्वस्त गेमिंग मॉनिटरवर १४४ आणि महागावर २४०.

"बघा सर, २४० म्हंजे लईच भारी," मुलगा म्हणाला.

"तुझ्या वहीत चित्रं किती लिहिलीयंस?"

"ऐंशी."

"मग १४४ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर तुझी चित्रं किती दिसणार?"

"...ऐंशीच."

"आणि २४० वाल्यावर?"

तो गप्प झाला. त्याची बहीण हसून म्हणाली, "तिथं तर ठिपके पण जास्त आहेत. मग ऐंशीसुद्धा निघणार नाहीत. हो ना सर?"

अगदी बरोबर! त्याच्या कॉम्प्युटरवर त्या महाग मॉनिटरला सेकंदाला पन्नासच्या आसपास चित्रं मिळाली असती. सिनेमाच्या झडपेची गोष्ट आठवते ना? पडदा कितीही वेळा उजळला, तरी चित्रं येतील तेवढीच. महाग मॉनिटरचा पुरा फायदा घ्यायचा, तर त्या पोराच्या घरी ग्राफिक्स कार्डही नवं लागलं असतं. म्हणजे छप्पन हजारांवर आणखी खर्च!

चौथी गोष्ट पॅनेलची. म्हणजे पडदा कोणत्या जातीचा. 'आयपीएस' जातीत रंग चांगले दिसतात आणि बाजूने बघितलं तरी बिघडत नाहीत. 'व्हीए' जातीत काळा रंग जास्त गडद दिसतो, पण अंधारातलं दृश्य भराभर सरकलं तर मागे सावली ओढल्यासारखं वाटू शकतं. 'टीएन' जात जुनी आणि चपळ, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. छप्पन हजारांचा होता तो 'ओएलईडी'. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. म्हणून तिथली रात्र खरोखर काळीकुट्ट दिसते. चित्र बदलण्यातही तो फार चपळ असतो. देखणेपणात त्याला तोड नाही, हे कबूल केलंच पाहिजे. मात्र एकच चित्र तासन् तास, महिनोन् महिने त्याच जागी ठेवलं तर त्याचा डाग पडद्यावर राहून जाऊ शकतो. घरात अभ्यासाला आणि हिशोबाला तोच मॉनिटर वापरायचा असेल तर याचा विचार हवा.

पाचवी गोष्ट, डब्यावरची मोठमोठी अक्षरं. '१ एमएस' म्हणजे ठिपका एक हजारांश सेकंदात रंग बदलतो, असा दावा. हा आकडा बहुधा सगळ्यांत अनुकूल परिस्थितीतला असतो. 'एचडीआर' लिहिलेल्या स्वस्त मॉनिटरवर तेवढा प्रखर उजेड पाडायची ताकद पुष्कळदा नसते. आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलाय का? कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला जुना जाणता माणूस रव्याचा पिवळाधमक रंग बघून भुलत नाही. तो खडा फोडतो, जिभेवर ठेवतो, मग बोलतो. रंग रसायनानेही आणता येतो, आणि रसायन न घातलेला गूळ कित्येकदा काळपटच असतो. डब्यावरची अक्षरं म्हणजे गुळाचा रंग. चव घ्यायची ती पडद्याची.

दुकानातली गंमत

आता चव घेऊ म्हणून मी दुकानातल्या मुलाला विचारलं, "दोन्हींवर एकच खेळ लावता का?" त्याने लावला. महाग मॉनिटरवर पळणारा खेळाडू लोण्यासारखा सरकत होता. स्वस्तावर मात्र अडखळत होता. फरक कुणालाही दिसला असता.

"बगा पप्पा! मी काय सांगत होतो?" मुलगा एकदम खुलला.

बहिणीने मात्र पुढं होऊन कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. तिथं काय लिहिलेलं होतं? ६० हर्ट्झ! मॉनिटर १४४ चा, पण कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. नवा मॉनिटर जोडला की कित्येकदा तो ६० वरच चालू होतो. दुकानातला मुलगा भला होता. "अरेच्चा, हे बदलायचं राहिलंच होतं," असं म्हणून त्याने यादीतून १४४ निवडलं. आणि काय सांगू! तोच स्वस्त मॉनिटर आता झरझर चालू लागला. आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने दोन्ही पडद्यांपुढं माऊस गोल गोल फिरवला, मागं जाऊन बघितलं, पुढं येऊन बघितलं. फरक अजून होता, पण थोडा.

हा फरक थोडा का, ते गणितात बघा. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२ मिलिसेकंद. ६० वरून १४४ ला गेलं की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. पण १४४ वरून २४० ला गेलं की वाचतात तीनसुद्धा नाहीत. पहिली पायरी मोठी आणि स्वस्त, दुसरी पायरी छोटी आणि महाग!

तरी मुलाच्या मनात एक सल होता. तो हळूच म्हणाला, "सर, माझ्या दोस्ताकडं तसला हाय. म्हणून तोच जिंकतो."

या वाक्याला मी हसलो नाही. मैदानात दुसऱ्याचा लंगोट भारी दिसला की आपले हातपाय गळतात, हे खरंच आहे. मी त्याला विचारलं, "तो रोज किती वेळ सराव करतो?" उत्तर आलं, "लई करतो." मग मी आणखी काही बोललो नाही.

वडिलांचा हिशोब

दुकानदारांनी तेवढ्यात सांगितलं, "महिन्याच्या हप्त्यावर पण मिळेल." बऱ्याच दुकानांत ही सोय असते आणि कुणाला ती उपयोगी पडतेही. पण हप्ता म्हणजे पैसे वाचले असं नव्हे. पुढच्या महिन्यांचे पैसे आज खर्च झाले, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' नावाचा सिनेमा काढला होता. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा. त्यातला तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. मॉनिटरच्या हप्त्याने कुणाची जमीन जात नाही, पण कुठलाही हप्ता घेताना एकूण किती रुपये भरायचे, ते कागदावर मांडून बघावं.

वडिलांनी मात्र हिशोब दुधात मांडला. "सर, म्हशीच्या दुधाला लिटरला पन्नास धरा. अकरा हजार आणि छप्पन हजार, फरक पंचेचाळीस हजार. म्हंजे नऊशे लिटर दूध. आमचं डेअरीला जातंय रोज दहा लिटर. नव्वद दिवस झालं. तीन महिनं! त्यात वैरण, पेंड धरलीच न्हाई." मग ते मुलाकडं वळून म्हणाले, "मी न्हाई म्हणत न्हाई. तू हुशार हाईस. तीन महिन्यांच्या दुधाचं काम त्यो मॉनिटर करंल का, एवढंच सांग. तू म्हणशील तसं."

मित्रांनो, दुकानात एकदम शांतता झाली. तीन महिने पहाटे उठून आई धारा काढते, हे त्या मुलाला चांगलं ठाऊक होतं. त्याने वही उघडली. सत्तर ते ऐंशी, हा आकडा पुन्हा बघितला. मग म्हणाला, "न्हाई पप्पा. आपल्या कॉम्प्युटरला त्याचा उपयोग न्हाई. पण ताईला रंग बरोबर दिसाय पायजेत आणि आईला खाली वर करता आला पायजे."

आई त्याच कॉम्प्युटरवर बचत गटाचा हिशोब लिहीत असे. वहीत ते त्यानेच टिपून ठेवलं होतं! मग दुकानदारांनी तिसरा मॉनिटर काढला. २४ इंची, आयपीएस, १४४ हर्ट्झ, रंग दाखवण्यात चोख आणि उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड. साडेतेरा हजार रुपये. चित्रं कमी-जास्त निघाली तर पडदा आपला वेग त्यांच्याशी जुळवून घेतो, ती 'अडॅप्टिव्ह सिंक'ची सोयही त्यात होती. ऐंशी चित्रांच्या कॉम्प्युटरला अगदी शोभेसा. तो पक्का झाला. उरलेल्या पैशांतून गोठ्यावर नवे पत्रे घालायचं ठरलं. पावसाळा जवळ आला होता.

मग महाग मॉनिटर वाईट का?

मुळीच नाही! लग्नाचे व्हिडिओ जोडणारा, छपाईसाठी रंगांचं काम करणारा, दिवसाचे आठ-दहा तास पडद्यापुढं बसून त्यावर पोट भरणारा माणूस असेल, तर त्याच्यासाठी तो मॉनिटर म्हणजे सुताराचा रंधा. त्याने चांगलाच घ्यावा. ज्याचा कॉम्प्युटर सेकंदाला दोनशेवर चित्रं काढतो आणि जो मोठ्या स्पर्धेत उतरतो, त्यालाही तो कामाचा. संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धा आता पोरखेळ राहिलेल्या नाहीत. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत त्या प्रात्यक्षिक म्हणून झाल्या, तेव्हा भारताच्या तीर्थ मेहता या खेळाडूने कांस्यपदक मिळवलं. पण लक्षात घ्या, तो खेळ पत्त्यांसारखा डोकं चालवायचा होता. तिथं हर्ट्झपेक्षा बुद्धी कामाला आली.

पालकहो, खरेदीला जाताना एवढं करा. पक्कं बिल घ्या आणि पॅनेलची हमी किती वर्षांची आहे ते विचारा. मेलेला ठिपका निघाला तर बदलून मिळतो का, तेही विचारा. दुकानातच पडदा पूर्ण पांढरा, काळा, तांबडा, हिरवा, निळा करून नीट न्याहाळा. बरोबर येणारी केबल पुऱ्या वेगाला चालते का ते बघा. गावाकडं लाईट ये-जा करत असेल तर थोडे पैसे यूपीएससाठी राखून ठेवा. घरी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि पडदा हातभर लांब असावा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडं २० सेकंद बघायचा नेम मुलांना लावा. हा नेम फुकट आहे आणि प्रत्येक मॉनिटरला लागू आहे!

करून बघा

बालमित्रांनो, शेवटी एक खेळ. तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती उभी धरायला सांगा, शून्य खाली. तुम्ही अंगठा आणि बोट शून्यापाशी उघडं ठेवा, पट्टीला न लावता. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. समजा तुम्ही २० सेंटिमीटरवर पकडली, तर तुमच्या डोळ्यांपासून बोटांपर्यंत निरोप पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला, म्हणजे २०० मिलिसेकंद.

आता गंमत बघा. ६० वरून १४४ हर्ट्झला गेल्यावर वाचणारा वेळ या पट्टीवर मोजला तर जवळजवळ दोन सेंटिमीटर भरतो. १४४ वरून २४० ला गेल्यावर मात्र फक्त अर्धा सेंटिमीटर! रोज दहा वेळा असे पंधरा दिवस पट्टी पकडा आणि आकडे वहीत लिहा. सरावाने तुमचे किती सेंटिमीटर कमी झाले, ते स्वतःच बघा. मग कुणी विचारलं, "कुठला मॉनिटर घेऊ?" तर त्याच्या हातात आधी पट्टी द्या, आणि मग वही.